नताशाचं वर्ष आणि सिनेमाची शंभर मिनिटं

एका वाचकांनी विचारलं आहे: “टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ तीनदा सुरू केली आणि तिन्ही वेळा शंभर-सव्वाशे पानांशी थांबलो. नावांचा गोंधळ होतो, मेजवान्या संपता संपत नाहीत. आता आधी सिनेमा पाहावा आणि मग पुस्तकाला हात घालावा, असं मनात आहे. कोणता पाहू? तो पाहिल्यावर पुस्तक वाचायची गरज उरते का? आणि दोन्हींची तुलना करायची तर कशी करायची? माझी पंधरा वर्षांची मुलगीही सोबत पाहणार म्हणतेय.”

मी तीस वर्षं कॉलेजात साहित्य शिकवलं आणि गेली अठरा वर्षं कोल्हापुरात एक छोटा वाचनगट चालवते. शनिवारी संध्याकाळी आम्ही दहा-बाराजण जमतो. त्यात एक निवृत्त नर्स आहे, एक वकील आहे, दोन शिक्षिका आहेत, पिठाची गिरणी चालवणारे एक गृहस्थ आहेत. ही कादंबरी आम्ही दोनदा वाचली. पहिल्या वेळी निम्म्या मंडळींनी आधी सिनेमा पाहिला होता, दुसऱ्या वेळी सगळ्यांनी आधी पुस्तकच धरलं. दोन्ही वेळच्या चर्चा मला आठवतात आणि त्यावरूनच माझं मत पक्कं झालं आहे: पुस्तक आधी. मात्र शेवटचं पान उलटेपर्यंत सिनेमाला हात लावायचा नाही, असा नेम करू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी तुमच्या शंभर-सव्वाशे पानांबद्दल. तुम्ही नेमके जिथे थांबता, बहुतेक आवृत्त्यांत तिथेच कादंबरीचा पहिला भाग संपतो. जुलै १८०५ मधली आना पाव्हलोव्हनाची बैठक, रोस्तोवांच्या घरचा नामदिवस, म्हाताऱ्या काउंट बेझुखोवचं मरण आणि मृत्युपत्राच्या कागदांवरून झालेली ओढाताण, मग खेड्यातल्या वाड्यात आंद्रेईने घेतलेला वडिलांचा निरोप. एवढ्यात टॉलस्टॉयने माणसं मांडून ठेवलेली असतात. पुढचं पान उलटलं की आपण ऑस्ट्रियात, रशियन फौजेच्या छावणीत असतो. सैनिकांचे फाटके बूट, पूल ओलांडताना उडालेली गर्दी, पहिल्यांदा गोळ्यांखाली उभा राहिलेला निकोलाय रोस्तोव. कादंबरीचा श्वासच बदलतो. तुम्ही तीनदा दारापर्यंत जाऊन परत फिरला आहात. चौथ्यांदा जाल तेव्हा एवढं मनाशी धरा की पहिला भाग ही ओसरी आहे, घर पुढे आहे.

नावांचं म्हणाल, तर मराठी वाचकाला त्यात घाबरण्यासारखं काही नाही. युरोपातल्या कित्येक वाचकांना रशियन नावांतलं मधलं नाव कळत नाही. आपल्याला ते जन्मापासून ठाऊक असतं, कारण आपणही स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असंच लिहितो. आंद्रेई निकोलायेविच बोल्कोन्स्की म्हणजे निकोलायचा मुलगा आंद्रेई. मारिया निकोलायेव्हना त्याची सख्खी बहीण, हे मधल्या नावावरूनच कळतं. बायकांच्या आडनावाचं शेपूट बदलतं, म्हणून भाऊ रोस्तोव आणि बहीण रोस्तोवा. घरात हाक मारायची नावं वेगळी: नताल्याची नताशा, प्योत्रचा पेत्या. आपल्याकडे विश्वनाथचा विशू आणि मालतीची माली होते, तसंच. एका पोस्टकार्डावर घराणी लिहा: बेझुखोव, बोल्कोन्स्की, रोस्तोव, कुरागिन, द्रुबेत्स्कोय. प्रत्येकाखाली तीन-चार नावं. पुस्तकात शेकडो पात्रं आहेत हे खरं, पण मनात सांभाळायची माणसं पंधरा-सोळाच. उरलेली लग्नमंडपातल्या पाहुण्यांसारखी येतात आणि जातात, त्यांचं नाव विसरलात म्हणून काही अडत नाही.

वाचायचा वेग हा मला नावांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. या कादंबरीत ३६१ अध्याय आहेत आणि बहुतेक अध्याय चार-पाच पानांचे. ही रचना उगाच आलेली नाही. सुरुवातीचे भाग १८६५ पासून ‘रूस्की वेस्तनिक’ या मासिकात ‘१८०५ साल’ या नावाने क्रमशः आले, आणि संपूर्ण पुस्तक १८६९ मध्ये पुरं झालं. त्याच मासिकात १८६६ मध्ये दोस्तोयव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ही चालू होती. त्या वर्षीच्या वर्गणीदारांचा मला आजही हेवा वाटतो. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून अशाच तुकड्यातुकड्यांनी घरात यायच्या. म्हणजे पहिल्या वाचकांनी हे पुस्तक थांबत, विसरत, आठवत, घरात बोलत वाचलं. रविवारी चारशे पानं उडवून द्यायची असं ठरवलंत तर तुम्ही नक्की थकाल. आमच्या गटाने दसऱ्याला सुरुवात केली आणि पुढच्या आषाढात शेवट गाठला. आठवड्याला नऊ-दहा अध्याय पडले. गिरणीवाले गृहस्थ गिऱ्हाईक नसताना एकेक अध्याय वाचायचे आणि सगळ्यांत नीट त्यांच्याच लक्षात राहायचं.

फ्रेंच संवादांनी दचकू नका. पुस्तकाचं पहिलंच वाक्य फ्रेंचमध्ये आहे, कारण पीटर्सबर्गचे उमराव एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तीच भाषा बोलणारा नेपोलियन पुढे त्यांच्या देशात घुसणार आहे. १८१२ मध्ये हीच मंडळी फ्रेंच शब्द तोंडातून गेला की दंड भरायचा खेळ खेळू लागतात. पेव्हियर आणि व्होलोखोन्स्कीच्या २००७ च्या इंग्रजी अनुवादात फ्रेंच तसंच ठेवून खाली अर्थ दिला आहे, तर अँथनी ब्रिग्जच्या २००५ च्या अनुवादात सरळ इंग्रजी आहे. पहिल्या वाचनाला ब्रिग्ज किंवा मॉड पतिपत्नींचा जुना अनुवाद घ्या. मॉड टॉलस्टॉयला प्रत्यक्ष ओळखत होते आणि त्यांची भाषा अजून टिकून आहे.

इतिहासावरचे निबंध येतात तेव्हा बरेच वाचक पुस्तक मिटतात. त्यांना मी एक गोष्ट सांगते. १८७३ च्या आवृत्तीत खुद्द टॉलस्टॉयनेच हे निबंध कथेतून उचलून मागे परिशिष्टात टाकले होते आणि फ्रेंच संवादही रशियन केले होते. पुढे १८८६ च्या आवृत्तीत ते पुन्हा जागेवर आले. म्हणजे ही अडचण लेखकालाही जाणवलेली होती. माझा सल्ला असा: युद्धाच्या मध्ये येणारे छोटे निबंध गाळू नका, कारण त्यांच्याशिवाय बोरोदिनोची, म्हणजे मॉस्कोच्या वाटेवर नेपोलियनशी झालेली मोठी लढाई कळत नाही. दुसऱ्या उपसंहाराचे बारा अध्याय मात्र पहिल्या वाचनात महिनाभर बाजूला ठेवलेत तरी चालेल.

आता मूळ प्रश्नाकडे येते, म्हणजे आधी पुस्तक का?

दुसऱ्या खंडात प्रिन्स आंद्रेई बोल्कोन्स्की रोस्तोवांच्या नताशाला मागणी घालतो. ती होकार देते. पण त्याच्या म्हाताऱ्या, हट्टी बापाची अट असते की लग्न वर्षभराने करायचं. आंद्रेई परदेशी निघून जातो. जाताना सांगतो, मी बांधलेला आहे, तू मोकळी आहेस. वाङ्निश्चय जाहीरही करायचा नाही. त्यानंतर ती ऑपेराला जाते आणि पुढे तिला पळवून न्यायचा बेत आखणारा अनातोल कुरागिन तिला दिसतो, इथपर्यंत बावीसेक अध्याय जातात. त्या अध्यायांत ‘कथानक’ म्हणावं असं जवळजवळ काही घडत नाही. निकोलाय रजेवर घरी येतो. लांडग्याची शिकार होते. काकांच्या घरी गाणं-बजावणं होतं. नाताळात सोंगं घेऊन मंडळी बर्फातून शेजारी जातात. घरावर कर्ज वाढत असतं. आणि नताशा वाट पाहते. एका अध्यायात ती घरभर नुसती भटकते. नोकरांना कामं सांगते, कुणाला कोंबडा आणायला, कुणाला ओट, कुणाला खडू. कुणालाच त्याची गरज नसते. मग उगाचच ‘मादागास्कर’ हा शब्द तोडून तोडून म्हणते. त्या एका शब्दात अठरा वर्षांच्या मुलीचं वाया चाललेलं तारुण्य आहे. आईकडे जाऊन ती म्हणते की मला तो आत्ता हवा, या क्षणी हवा.

आमच्या गटाला हे अध्याय वाचायला अडीच आठवडे लागले. पहिल्या वेळी एकजण कुरकुरलाही की आंद्रेई येणार कधी. मी म्हटलं, तीही हेच विचारतेय. ज्यांनी पुस्तक हळू वाचलं होतं, त्यांच्या अंगातही ती वाट पाहणं उतरलं होतं. मग मॉस्कोत रोस्तोव बापलेक बोल्कोन्स्कींच्या घरी जातात, म्हातारा प्रिन्स झोपायच्या टोपीत आणि झग्यात बाहेर येऊन तिचा अपमान करतो, आणि लगेच ऑपेरा येतो. अनातोल तिच्याकडे पाहतो तेव्हा आपल्याला धक्का बसत नाही, पोटात खड्डा पडतो. कारण हे होणार होतं, हे आपल्याला आतून कळलेलं असतं.

ज्यांनी आधी सिनेमा पाहिला होता, त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी पहिल्या चर्चेत नताशाला ‘चंचल’ म्हटलं. दुसऱ्या वेळी हा शब्द कुणाच्याच तोंडी आला नाही. आमच्या नर्सबाईंनी त्या दिवशी सांगितलं की त्यांचं लग्न ठरलं आणि मुलगा आखातात नोकरीला गेला, चौदा महिन्यांनी आला. त्या म्हणाल्या, “त्या चौदा महिन्यांत मी काय काय होते, ते मी अजून त्यांनाही सांगितलेलं नाही.” मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

म्हणून म्हणते, या पुस्तकात लांबी हाच मजकूर आहे. पानं जास्त आहेत कारण माणसांचा वेळ जास्त गेला आहे. सेर्गेई बोंदार्चुकच्या चार भागांच्या सोव्हिएत चित्रपटाचा दुसरा भाग ‘नताशा रोस्तोवा’ सुमारे शंभर मिनिटांचा आहे. नृत्याचा पहिला समारंभ, मागणी, शिकार, काकांचं घर, ऑपेरा, पळून जायचा फसलेला बेत, सगळं त्यात बसवलं आहे, आणि सुंदर बसवलं आहे. पण एका बैठकीत शंभर मिनिटं बसलेल्या माणसाला एक वर्ष कसं कळणार? सिनेमा आपल्याला ‘वर्ष गेलं’ हे सांगू शकतो. कादंबरी ते आपल्याकडून घालवून घेते.

पण सिनेमाकडे असं काही असतं जे पानावर येत नाही, आणि ते मनापासून मान्य केल्याशिवाय तुलना खरी होत नाही. त्याच दुसऱ्या भागातला नताशाचा पहिला बॉल पाहा. ती भिंतीशी उभी आहे, जोड्या नाचायला निघाल्या आहेत आणि तिला कुणी विचारत नाही. कादंबरीत ते एका दीर्घ वाक्यात आहे: हडकुळे हात खाली सोडलेले, श्वास रोखलेला, पराकोटीच्या आनंदाला किंवा पराकोटीच्या दुःखाला तयार असलेला चेहरा. चित्रपटात ल्युदमिला सावेल्येवाचा चेहरा नुसता समोर आहे आणि दिवे, संगीत, पायांची लगबग तिच्याभोवती फिरते आहे. इथे वाट पाहणं काही क्षणांचं आहे, आणि क्षण धरण्यात कॅमेऱ्यासारखा कुणी नाही. छायाचित्रकार अनातोली पेत्रित्स्कीने या प्रसंगात चाकांचे बूट घालून नाचणाऱ्यांच्या मधून कॅमेरा फिरवला, म्हणूनच ती हवेत तरंगल्याची भावना येते. माझ्या मते या एका जागी सिनेमा टॉलस्टॉयच्या बरोबरीने उभा आहे.

आणि लगेच त्याच्या उलट एक जागा. शिकारीनंतर काकांच्या घरी नताशा नाचते. फ्रेंच शिक्षिकेने वाढवलेली ही काउंटेस गिटारचे सूर ऐकते, शाल फेकते, कमरेवर हात ठेवते आणि बरोब्बर गावच्या बाईसारखी उभी राहते. टॉलस्टॉय तिच्या पावलांचं वर्णन फारसं करतच नाही. तो पाहणाऱ्यांच्या मनातली धास्ती लिहितो, की हिला जमेल का, हिचं चुकेल का, आणि मग ती धास्ती विरघळते. हे तिने कुठून, कधी घेतलं, असं तो विचारतो. मंगळागौरीला शहरातल्या इंग्रजी शाळेतली नात अचानक आजीच्या ठेक्यावर फुगडीला उभी राहते आणि सगळ्या बायका एकमेकींकडे पाहतात, तो क्षण ज्याने पाहिला आहे त्याला हे पान कळेल. सिनेमात पावलं दाखवावीच लागतात. आणि सावेल्येवा मुळात लेनिनग्राडच्या बॅलेत तयार झालेली. तिचं नाचणं लोभस आहे, पण तिचं चुकेल अशी धास्ती मला एकदाही वाटली नाही. शिकलेलं शरीर आणि न शिकता आलेलं नाचणं यांतला फरक तिथे हरवतो.

आता बोरोदिनो. ७ सप्टेंबर १८१२ ची ही लढाई लिहिण्याआधी टॉलस्टॉय १८६७ मध्ये स्वतः रणभूमीवर जाऊन दोन दिवस फिरून आला होता. तरुणपणी क्रिमियाच्या युद्धात तो सेव्हास्तोपोलला तोफांच्या माऱ्यात राहिलेला होता, म्हणून लढाईत माणसाला प्रत्यक्षात किती कमी दिसतं हे त्याला माहीत होतं. कादंबरीतली बोरोदिनो बरीचशी पिएरच्या, म्हणजे म्हाताऱ्या काउंट बेझुखोवच्या वारस मुलाच्या, डोळ्यांनी दिसते. हिरवा कोट आणि पांढरी हॅट घातलेला हा नागरी माणूस तोफांच्या मोर्च्यावर भटकतो. आधी सैनिकांना त्याची अडचण वाटते, मग लळा लागतो, मग त्यातले एकेक मरतात. नेपोलियन हुकूम सोडतो, पण हुकूम पोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असते आणि कोणताच हुकूम पाळला जात नाही. आंद्रेईची तुकडी तर राखीव म्हणून दिवसभर उभी असते. एकही गोळी न झाडता तिची माणसं मरत राहतात. तो शेताच्या बांधावरून येरझारा घालतो, पावलं मोजतो. पुन्हा वाट पाहणंच! नताशाचं वर्ष आणि आंद्रेईचा हा दिवस हे मला एकाच हाताने लिहिलेले दोन तुकडे वाटतात.

बोंदार्चुकने ही लढाई हजारो सोव्हिएत सैनिक घेऊन ७० मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केली. तिसऱ्या भागाचा मोठा हिस्सा तिलाच दिला आहे. कॅमेरा धुरावरून उडत जातो, खाली घोडदळाच्या लाटा दिसतात, छाती दडपते. संगणकाने गर्दी निर्माण करायच्या आधीच्या काळात माणसांनी केलेलं हे काम आहे आणि ते मोठ्या पडद्यावर पाहायला मिळालं तर सोडू नका. तरी पाहताना एक प्रश्न मनात ठेवा: आकाशातून पाहणारे हे डोळे कुणाचे? टॉलस्टॉय पानोपानी सांगतो की लढाई अशी वरून, एकसंध कुणालाच दिसत नाही, सेनापतीलाही नाही. ज्याला आपण सगळं पाहतो असं वाटतं तो नेपोलियन, आणि तोच फसतो. चित्रपटाची भव्यता पुस्तकाच्या म्हणण्याच्या विरोधात जाते. पिएर जमिनीवर धुरात धडपडतो ते तुकडे मात्र मूळ पुस्तकाच्या फार जवळ आहेत. एकाच प्रसंगात दिग्दर्शक टॉलस्टॉयशी सहमतही होतो आणि भांडतोही. ‘सिनेमा पुस्तकाशी प्रामाणिक आहे का’ या प्रश्नात हे सापडणार नाही, म्हणून तो प्रश्न मी गटात विचारूच देत नाही.

मी काय विचारायला लावते ते सांगते. एक प्रसंग निवडायचा, शक्यतो पाच-सहा पानांचा. तो दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. मग चित्रपटातला तोच प्रसंग पाहायचा. वहीत तीनच गोष्टी टिपायच्या: हे कुणाच्या डोळ्यांनी दिसतंय, किती वेळ दिलाय, आणि काय गाळलंय. गाळलेलं शोधणं सोपं असतं, त्यामुळे सगळे तिथेच अडकतात. बोंदार्चुकने पिएरचं फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघात जाणं टाळलं, निकोलाय आणि मारियाची कथा अगदी आखडती घेतली, उपसंहार घेतला नाही, अशी यादी कुणीही करेल. डोळे कुणाचे, यात खरा अभ्यास आहे. उदाहरणार्थ, मॉस्को सोडायची की नाही हे ठरवणारी फिली गावातली सेनानींची बैठक टॉलस्टॉय एका शेतकऱ्याच्या घरात, चुलाणावर बसलेल्या सहा वर्षांच्या मालाशाच्या नजरेतून लिहितो. तिच्या दृष्टीने रशियन सरसेनापती कुतूझोव म्हणजे ‘आजोबा’, आणि लांब कोटवाला माणूस आजोबांशी भांडतोय. एका राजधानीचा निकाल लागतोय आणि मुलीला फक्त एवढंच कळतंय की आपले आजोबा जिंकले. कोणताही चित्रपट घ्या आणि त्या खोलीत कॅमेरा कुठल्या उंचीवर ठेवलाय एवढंच पाहा.

आणखी एक जागा वय. कथा १८०५ ते १८२० अशी पंधरा वर्षं चालते. पहिल्यांदा दिसते तेव्हा नताशा तेरा वर्षांची, बाहुली घेऊन धावत येणारी मुलगी असते. शेवटी ती चार मुलांची, अंगाने भरलेली, घरात रमलेली बाई असते. अनेक वाचक या शेवटावर रागावतात, मीही विशीत रागावले होते. पन्नाशीत वाचलं तेव्हा राग उरला नव्हता. पिएर सुरुवातीला वीस वर्षांचा आहे. किंग व्हिडॉरच्या १९५६ च्या चित्रपटात हेन्री फाँडा पन्नाशीचा होता आणि बोंदार्चुक स्वतः पिएर झाला तेव्हा चाळिशी ओलांडलेला. दोघेही पिएरचा एकटेपणा उत्तम दाखवतात, पण त्याचं पोरकट बावळेपण, ज्याच्यामुळे तो अनातोलची बहीण हेलेन हिच्या जाळ्यात सापडतो, ते त्या वयाच्या चेहऱ्यावर बसत नाही.

व्हिडॉरचा चित्रपट साडेतीन तासांच्या आसपास आहे. ऑड्री हेपबर्नची नताशा पाहताच आवडते, आणि कथेचा सांगाडा कळायला तो पुरेसा आहे. पण आधी तो पाहिलात तर पुढे प्रत्येक पानावर हेपबर्नच दिसेल. हा तोटा मला मोठा वाटतो. टॉलस्टॉयने मारियाचे तेजस्वी डोळे, छोट्या प्रिन्सेसचा, म्हणजे आंद्रेईच्या पहिल्या बायकोचा, मिसरुडाची छटा असलेला आखूड ओठ असं एखादंच लक्षण पुन्हा पुन्हा सांगून बाकी चेहरा आपल्यावर सोडलेला असतो. बीबीसीची १९७२ ची वीस भागांची मालिका आज जुनी दिसेल, पण अँथनी हॉपकिन्सचा पिएर मला सगळ्यांत पटतो, आणि मालिकेकडे वेळ आहे. २०१६ ची सहा भागांची मालिका देखणी आहे, वेगवान आहे, तरुणांना धरून ठेवते. मात्र पुस्तकात हेलेन आणि अनातोल या बहीणभावांबद्दल जी कुजबुज आहे ती तिथे उघड दाखवली आहे. मला ती कुजबुजच जास्त भयंकर वाटते.

माझा क्रम असा असेल. पहिले दोन खंड वाचा. दुसऱ्या खंडाच्या अखेरीला पिएर मॉस्कोच्या थंड रात्री आकाशातला धूमकेतू पाहतो, तिथे थांबा. मग बोंदार्चुकचे पहिले दोन भाग पाहा. ते जवळजवळ तिथवरच येतात. माणसं मनात बसलेली असतात, त्यामुळे चित्रपट तुमची माणसं हिरावून घेऊ शकत नाही, आणि पुढच्या युद्धासाठी गणवेश, बर्फ, घोडे डोळ्यांना मिळतात. उरलेले दोन खंड वाचून झाले की उरलेले दोन भाग. चारही मिळून सात तासांहून जास्त आहेत, एका दिवशी पाहू नका. १९६९ मध्ये याला परभाषी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, आणि तो घडवताना दिग्दर्शकाला हृदयविकाराचा झटकाही आला होता. माणसाने आयुष्य ओतून केलेल्या कामाला आपणही थोडा निवांत वेळ द्यावा.

सिनेमा पाहिल्यावर पुस्तकाची गरज उरते का, या प्रश्नाचं उत्तर आपल्याच घरातून देते. ‘सिंहासन’ हा १९७९ चा मराठी चित्रपट अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ यांवर आधारलेला आहे. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. दोन कादंबऱ्या एकात विणल्यामुळे चित्रपटाला स्वतःची वीण मिळाली. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस आठवल्याशिवाय आज आपण त्या मंत्रालयाचा विचार करू शकत नाही. तरी ‘मुंबई दिनांक’ वाचा. ते शहर, त्यातली गर्दी, एकाच वेळी चाललेली अनेक आयुष्यं, हे काही तासांत मावत नाही आणि चित्रपटाने ते मावल्याचा दावाही केलेला नाही. एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही. माझ्या कपाटात ती पुस्तकं आहेत आणि चित्रपट मी अजून वर्षातून एकदा पाहते.

तुमच्या मुलीबद्दल. तिला सगळी कादंबरी वाचायला लावू नका आणि सात तास बसवूही नका. दुसऱ्या खंडाच्या तिसऱ्या भागातला दुसरा अध्याय तेवढा काढा. तीन-चार पानं आहेत. आंद्रेई कामासाठी रोस्तोवांच्या खेड्यातल्या घरी मुक्कामाला आला आहे. रात्री झोप येत नाही म्हणून तो खिडकी उघडतो. चांदणं पडलेलं आहे. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून दोन मुलींचं बोलणं ऐकू येतं. त्यांतली एक म्हणतेय की अशी रात्र कधी झालीच नाही, झोपतेस काय, असे गुडघे घट्ट धरून बसलं की उडूनच जाता येईल. दुसरी म्हणतेय, पुरे, पडशील. खाली उभा असलेला माणूस श्वासही जोरात घेत नाही. हे पान तुम्ही तिला वाचून दाखवा, किंवा तिला तुम्हाला वाचून दाखवू द्या, वरच्या मुलीचा आवाज तिचाच असू दे. मग चित्रपटातला तोच प्रसंग लावा आणि तिला एकच विचारा की कॅमेरा वरच्या खिडकीत आहे की खालच्या. ती काय सांगते ते मला नक्की कळवा.